घरचा ग्रुप : आजोबांचं गोल टेबल

दादा: (फोटो) पर्वरीच्या फ्लॅटचा हॉल तयार झाला. काका, सावईवेऱ्याच्या घरच्या वसरीतलं आजोबांचं गोल टेबल गणेश चवथीच्या आधी इकडे आणायचं म्हणतोय, सोफ्यासमोर सेंटर टेबल म्हणून. फक्त ते फार उंच आहे. इथल्या सुतार मेस्ताला फोटो दाखवला. म्हणाला, मधला खांब बारा-तेरा इंच कापून देतो, अर्ध्या दिवसाचं काम.

आत्या: कापून???

आई: भावोजी, वाचलंत का हे?

वहिनी: आत्या, रागावू नका. सोफ्याची बैठक १७ इंच आहे आणि टेबल २९. समोर ठेवलं तर पलीकडे बसलेल्याचं तोंडही दिसणार नाही. सावईवेऱ्याला कोपऱ्यात पडून राहण्यापेक्षा वापरात यावं, एवढाच विचार होता.

आत्या: रागावले नाही गं. पण १९६१ साली गोवा मुक्तीच्या वेळी बांबोळीच्या वायरलेस स्टेशनवर भारतीय विमानांनी बाँब टाकले, त्या दिवशी आमचा रेडिओ त्याच टेबलावर होता. सगळा वाडा वसरीत जमला होता. मी टेबलाखाली बसले होते, खांबाला मिठी मारून. तोच खांब तुम्ही कापणार.

छोटू (लंडन): मग मला पाठवा. मी आहे तसं ठेवतो. कुरियरचा खर्च माझा.

अप्पाकाका: सगळ्यांचे मेसेज वाचले. सकाळपासून टेप आणि टॉर्च घेऊन टेबलापाशीच बसलोय. बाबू, कापू नको. का ते नीट सांगतो.

पहिलं म्हणजे ते मोठं झालेलं टीपॉय नव्हे. सोफ्यासमोरचं बुटकं टेबल ही विसाव्या शतकातली सवय. त्याआधी खोलीच्या मधोमध ठेवायचं टेबल जेवणाच्या टेबलाएवढं उंच असे, कारण त्यावर दिवा असायचा आणि भोवती खुर्च्या ओढून माणसं लिहायची, वाचायची, शिवण करायची. २९ इंच ही त्याची बरोबर उंची आहे. खांबाची जाडी, तीन पायांचा पसारा आणि वरच्या फळीचा घेर हे सगळं मेस्तानं त्या उंचीवर बेतलंय. तेरा इंच काढलेस तर बसक्या छत्रीसारखं दिसेल, आणि कापलेलं परत जोडता येत नाही.

दुसरं, ते किती जुनं आहे याचा अंदाज आज आला. फळी गोल वाटते ना? मी मोजली. रेषांच्या दिशेनं ३६ इंच भरली आणि आडव्या दिशेनं ३ सूत (इंचाचे तीन अष्टमांश) कमी. लाकूड रेषांना आडवं आकसतं, लांबीला जवळजवळ नाही. म्हणून खरं जुनं गोल टेबल किंचित लंबगोल झालेलं असतं. खालून हात फिरवला तर रंध्याच्या लाटा बोटांना लागतात, करवतीच्या खुणा सरळ आहेत, गोल फिरलेल्या नाहीत, म्हणजे मशीनची गोल करवत लागलेली नाही. जे दोन-चार स्क्रू आहेत त्यांना एकच चीर आहे. फुलीचे स्क्रू १९३० नंतरचे. आणि लाकूड शिसवी आहे. दोघांनी उचलल्याशिवाय हलत नाही ते त्यामुळेच.

वहिनी: काका, फुलीच्या स्क्रूचं मला आधी माहीत असायला हवं होतं. गेल्या वर्षी एका दुकानातून 'शंभर वर्षांपूर्वीचं' म्हणून खणाचं छोटं टेबल घेतलं, आठवतं? पहिल्या पावसात खण बाहेर काढला तर तळाला प्लायवूड आणि सगळीकडे फुलीचे स्क्रू. ओल्या फडक्यानं पुसलं तर फडकं तपकिरी झालं. चौदा हजार दिले होते.

अप्पाकाका: सूनबाई, दोष तुझा नाही. वरची बाजू कोणीही रंगवून जुनी करतो. घेताना टेबल उलटं करायला सांगायचं. खालची बाजू, खणाची मागची फळी, पायांचे तळवे बघायचे. तिथे कुणी मेहनत घेत नाही. विकणारा उलटं करू देत नसेल तर घ्यायचं नाही. एखादा फुलीचा स्क्रू नंतरच्या दुरुस्तीचाही असू शकतो, सगळेच तसे असले की मात्र समजायचं.

छोटू (लंडन): आणि माझं काय?

अप्पाकाका: तुला नाही पाठवता येणार रे. शंभरी ओलांडलेली वस्तू १९७२ च्या कायद्यानुसार पुरावस्तू ठरू शकते आणि तशी वस्तू खासगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही. शिवाय शिसवीच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर २०१७ पासून वेगळे निर्बंध आहेत. तू चवथीला ये आणि त्यावर चहा पी.

दादा: ठीक काका, कापत नाही. पण मग ठेवू कुठे? हॉल ११ बाय १४ चा.

अप्पाकाका: फोटोत बाल्कनीच्या दारापाशी डावीकडे मोकळा कोपरा दिसतोय. तिथे ठेव आणि बाजूला माझ्याकडच्या दोन वेताच्या खुर्च्या. एकाच खांबावरचं गोल टेबल, त्यामुळे गुडघ्याला पाय आडवे येत नाहीत, कोपऱ्यात छान मावतं. सकाळचा चहा, पोरांचा अभ्यास, सगळं तिथे. भिंतीपासून चार बोटं सोड, पावसात भिंत ओल धरते.

आई: आणि सोफ्यासमोर माझ्या सासूबाईंची सागवानी पेटी ठेवा. सपाट झाकणाची आहे. मी आत्ता मोजली, उंची १६ इंच, लांबी साडेतीन फूट.

वहिनी: आई, हे तर मस्तच! सोफा सात फुटी आहे. अर्धी ते दोन-तृतीयांश लांबी चालते असं म्हणतात, म्हणजे साडेतीन ते साडेचार फूट बरोबर. मध्ये दीड फूट जागा सोडली की उठताना नडगीला लागणार नाही. आणि आत पांघरुणं मावतील.

आत्या: पेटीवर काच घालू नका हो. मी घातली होती. दोन पावसाळ्यांत पॉलिश काचेला चिकटून निघालं.

अप्पाकाका: आत्या म्हणते ते खरं. जुनं पॉलिश म्हणजे स्पिरिटमध्ये विरघळवलेली लाख. काचेखाली दमट हवा कोंडली की ती मऊ पडते. घालायचीच तर फेल्टचे तुकडे लावून वर उचलून घाला, हवा खेळू दे. लाखेला उष्णता आणि पाणी सोसत नाही, गरम कप ठेवला की पांढरं कडं उठतं. आणि स्पिरिटमध्ये विरघळते ती फेणीतही विरघळते. आपल्या टेबलावर खिडकीकडच्या बाजूला चिकट खडबडीत डाग आहे ना, तो आजोबांच्या एका पाहुण्याच्या ग्लासाचा. तो मी काढू देणार नाही.

वहिनी: वर काय ठेवू? मला तांब्याचं घंगाळ आणि त्यात फर्न असं डोक्यात होतं.

अप्पाकाका: घंगाळ बाल्कनीत शोभेल. कुंडीचा घाम लाकडात उतरतो. टेबलावर एकच वस्तू ठेव, दिवा किंवा आजोबांचा रेडिओ. पांढऱ्या भिंती आणि नवा सोफा, त्यात ती काळी शिसवी एकटीच पुरेशी आहे. शेजारी आणखी कोरीवकाम आणून गर्दी केलीस तर तिच्याकडे कोणी बघणार नाही. खाली गालिचाही नको, आपल्याकडे श्रावणात त्याला बुरशी येते.

दादा: पॉलिश तरी करून घेऊ ना चवथीच्या आधी? रंग फार उतरलाय.

अप्पाकाका: आत्ता मुळीच नाही. या दमट हवेत लाखेचं पॉलिश केलं तर दुधासारखं पांढुरकं होतं. दिवाळीनंतर हवा कोरडी झाली की मार्दोळचा आपला मेस्त हातानं कापडाचा बोळा फिरवून करेल. सँडिंग मशीन लावायचं नाही, सांगून ठेवतो. शंभर वर्षांच्या हातांनी आलेली चकाकी त्या यंत्रानं पाच मिनिटांत जाते. तोवर कोरड्या सुती कापडानं पुस. आणि सूनबाई, त्या दुकानातल्या टेबलाचा खण आता अडकत असेल तर रंधा मारू नका. लाकूड फुगलंय, डिसेंबरात आपोआप सुटेल. कडांना मेणबत्ती घासा.

आई: भावोजी, पेटीच्या खाली बारीक पीठ दिसतंय हो.

अप्पाकाका: झाडून टाका आणि काळा कागद पसरून ठेवा. दोन दिवसांनी परत पीठ पडलं तर कीड जिवंत आहे. मग पेटी इथेच राहील, भोकांत सुईनं औषध भरून महिनाभर वेगळी ठेवू. नव्या फ्लॅटच्या कपाटांत ती कीड न्यायची नाही. उन्हातही टाकू नका, फळ्या तडकतील.

दादा: काका, टेबल रविवारी न्यायला येऊ? टेम्पो सांगितलाय.

अप्पाकाका: ये. वरच्या फळीला धरून कोणी उचलायचं नाही, खांबाला धरायचं. त्यापेक्षा मी फळी सोडवूनच ठेवतो, चार स्क्रू आहेत. दोन जुनी पांघरुणं आण गुंडाळायला. तुमच्या लिफ्टचं दार किती रुंद आहे?

दादा: थांबा, मोजून येतो.

दादा: ३१ इंच.

अप्पाकाका: मग फळी उभी धरून लिफ्टनं. कितवा मजला?

दादा: चौथा.

आत्या: मी पण येते रविवारी. फळीची एक बाजू मी धरते.