मदत हवी आहे: योहान्ना आणि लुदियाकडे पैसा कुठून आला?

सर्वांना सलाम. चर्चच्या महिला मंडळात मला नव्या करारातल्या बायकांवर बोलायचंय. मार्था-मरीया सगळ्यांना पाठ आहेत, म्हणून योहान्ना आणि लुदिया घेतल्या, आणि तिथंच गाडी अडलीय.

लूकच्या शुभवर्तमानाच्या ८व्या अध्यायात मग्दालीया मरीया, योहान्ना, सुसान्ना आणि इतर पुष्कळजणी पदरच्या पैशातून येशूचा आणि बारा शिष्यांचा खर्च भागवतात. योहान्ना ही हेरोदाचा कारभारी खुजा याची बायको. ज्या हेरोदाने बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाचा शिरच्छेद करवला, त्याच्याच दरबारचा पगार इकडे भाकरीला लागत असेल का? (मला तर यात गंमतच वाटते.) की ते तिचं माहेरचं स्त्रीधन? त्या काळच्या यहुदी घरात बाईच्या हातात किती पैसा असे, यावर कुणी वाचलंय का?

लुदियाचं आणखी वेगळं. मूळची थुवतीरा शहराची, फिलिप्पै शहरात जांभळ्या कापडाचा धंदा. येशूची शिकवण सांगत फिरणाऱ्या पौल आणि सीला यांना आग्रहाने घरी ठेवून घेते. तुरुंगातून सुटल्यावरही ते तिच्याकडेच जातात. नवऱ्याचा कुठेच उल्लेख नाही. विधवा असावी असं म्हणतात, पण रोमी कायद्यात एकट्या बाईला स्वतःच्या नावावर धंदा करता येई का?

मराठी पुस्तक असेल तर उत्तम, इंग्रजीही चालेल, फार जड नको. प्रवचनांचे व्हिडिओ मात्र पाठवू नका, ते ढीगभर पडलेत.