खानदेशातल्या तरुणांचा रोजगार आणि परदेशी सल्लागार: हिशेब कुणी मागायचा?

तापीकाठ (धागाकर्ता)

मागच्या महिन्यात आमच्या जिल्ह्यातल्या एका कॉलेजात आंतरराष्ट्रीय सल्लागारांची कार्यशाळा झाली. विषय होता, ग्रामीण युवकांचा रोजगार कसा वाढवायचा. माणसं अभ्यासू होती, तळमळीने बोलत होती, याबद्दल तक्रार नाही. दिवसभर बायोडेटा कसा लिहायचा, मुलाखतीत कसं बसायचं, इंग्रजी संभाषण, उद्योजकता यावर बोलणं झालं. सबंध दिवसात सुरतचं नाव एकदाही निघालं नाही.

खानदेशातल्या पोरांच्या कामधंद्याबद्दल सुरत वगळून बोलताच येत नाही. अमळनेर, दोंडाईचा, नंदुरबार, नवापूर या सगळ्या पट्ट्यातली पोरं सुरतच्या उधना, लिंबायत, पांडेसऱ्यात लूमवर, डाइंगच्या मिलमध्ये, साड्यांच्या पॅकिंगला आहेत. त्यांना कुणी बायोडेटा शिकवला नव्हता. मामाचा पोरगा तिथे असतो, तो खोलीत जागा देतो, शेठजवळ शब्द टाकतो, आणि आठवड्यात पोरगं कामाला लागतं. पोरांमध्ये काहीतरी कमी आहे म्हणून ती बेकार आहेत, हे गृहीत धरूनच हे सल्लागार येतात. मला तेच मान्य नाही.

आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने दिल्लीच्या एका संशोधन संस्थेबरोबर २०२४ साली भारतातल्या रोजगारावर अहवाल काढला. २०२२ साली देशातल्या एकूण बेरोजगारांपैकी ८३ टक्के तरुण होते. पदवीधर तरुणांत बेरोजगारी २९ टक्के, आणि ज्यांना लिहिता-वाचता येत नाही त्यांच्यात साडेतीन टक्क्यांच्याही आत. हे त्यांचेच आकडे. पदवी घेतलेलाच जास्त रिकामा बसलेला असताना औषध म्हणून पुन्हा एक प्रमाणपत्र कशासाठी?

माझं म्हणणं एवढंच आहे. सल्लागार जरूर यावेत, पण जिल्ह्याने त्यांच्याकडून लिहून घ्यावं की किती जणांना शिकवलं हे सांगू नका. वर्षभरानंतर किती जण, कुठे, किती पगारावर टिकून आहेत ते सांगा. आणि ती यादी तहसील कचेरीच्या फलकावर लावा, पोरांच्या आईबापांना वाचता येईल अशी.

अभ्यासू_जळगावकर

साफ असहमत. मी जळगावचा, सध्या पुण्यात याच क्षेत्रात नोकरी करतो, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

प्रशिक्षणाने फारसं काही होत नाही, हे तुम्ही आज म्हणताय. जागतिक बँकेतल्याच डेव्हिड मॅकेन्झी यांनी २०१७ साली विकसनशील देशांतल्या अशा कार्यक्रमांचा आढावा घेऊन तेच लिहून ठेवलंय: शंभर जणांना शिकवलं तर त्यातल्या जेमतेम दोघांना असं काम लागतं जे एरवी लागलं नसतं. युगांडाचं उदाहरण घ्या. उत्तर युगांडात तरुणांच्या गटांना धंद्यासाठी रोख अनुदान दिलं. चार वर्षांनी त्यांची कमाई इतरांपेक्षा ३८ टक्क्यांनी जास्त भरली. संशोधक तिथेच थांबले नाहीत, नवव्या वर्षी परत गेले आणि तो फरक जवळपास पुसला गेल्याचं त्यांनीच जाहीर केलं. आपल्याकडच्या कुठल्या योजनेचा नऊ वर्षांनी असा माग काढलाय, दाखवा.

आयटीआय सुधारण्यासाठी २०१७ पासून जागतिक बँकेच्या मदतीने 'स्ट्राइव्ह' प्रकल्प राबवला गेला. त्यात पैसे सुटायचे ते ठरलेले निकाल दाखवल्यावर. म्हणजे तुम्ही जो हिशेब मागताय, तो मागायची शिस्त बाहेरूनच आली. आपण त्यांचं अर्धंच ऐकतो. सत्कार, फोटो, प्रमाणपत्रं घेतो आणि मोजणी सोडून देतो. यात त्यांचा काय दोष?

तापीकाठ

अभ्यासू सर, ही मदत म्हणजे कर्ज आहे. कौशल्य प्रशिक्षणाच्या 'संकल्प' प्रकल्पासाठी जागतिक बँकेकडून २५ कोटी डॉलर घेतले, तेही कर्जच. फेडायचं आपल्याला आणि निकालाचा हिशेब मात्र दिल्ली आणि वॉशिंग्टनमध्ये. शिरपूरच्या आयटीआयत पोरगं घातलेल्या बापाला त्यातला एक कागद तरी दिसतो का? मोजणी होते, याबद्दल वाद नाही. ती कुणाच्या टेबलावर जाते, हा माझा प्रश्न आहे.

लूमवाल्याचा_भाऊ

तुमनं पटनं भाऊ. मना मोठा भाऊ उधनाले शे, दिवाळीलेच घर येस. बारा तासांची पाळी, एका खोलीत सहा जण, कान अर्धे गेलेत. त्याला काम 'आहे' म्हणून तुमच्या कोणत्याच यादीत तो बसत नाही. सल्लागार बेकारांना भेटतात, त्याला कोण भेटणार?

गिरणीवाला

माझी जळगाव एमआयडीसीत डाळ मिल आहे. इथे बरीच मंडळी पोरांच्या बाजूने लिहितायत, आता मालकाची बाजू ऐका.

मला माणूस मिळत नाही. हमाली आणि भरणीला परप्रांतीय आहेत. ते जाऊ द्या, पण सॉर्टेक्सवर बसायलाही माणूस नाही. ज्यांनी पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी सांगतो: डाळ वरून पन्हाळीतून घसरत येते, कॅमेरा तिचा रंग बघतो आणि काळा किंवा डागी दाणा दिसला की हवेच्या झोताने तो बाजूला उडवतो. हवेचा दाब कमी पडला तर डाग चांगल्या मालात जातो, जास्त झाला तर चांगली डाळही चुरीबरोबर बाहेर. तुरीचा लॉट बदलला की सेटिंग बदलायचं. हे सगळं दोन-तीन महिन्यांत हाताखाली राहून येतं. पण आयटीआयचं सर्टिफिकेट घेऊन येणाऱ्या पोराने कॉम्प्रेसर उघडलेलाच नसतो. मशीन अडलं की मी इंदूरहून माणूस बोलावतो आणि तोपर्यंत गिरणी बंद.

म्हणून मला जर्मन सल्लागार हवाच आहे. त्यांच्याकडे पोरगं आठवड्यातले तीन-चार दिवस कारखान्यात आणि उरलेले शाळेत असतं, शिकताना पगारही घेतं. आपला शिकाऊ उमेदवारी कायदा १९६१ पासून आहे. पण चार ते एकोणतीस कामगार असलेल्या माझ्यासारख्यांसाठी तो ऐच्छिक आहे, तीसच्या वर सक्तीचा. ऐच्छिक म्हटलं की मालक कागदपत्रांच्या भीतीने नाव काढत नाही. मीही काढलं नव्हतं. इथे येऊन आम्हा वीस-पंचवीस गिरणीवाल्यांची एकत्र शिकाऊ तुकडी लावून देणारा कोणी असेल तर त्याने कुठल्याही देशातून यावं.

तापीकाठ

दादा, मान्य. पण सरळ विचारतो, त्या सॉर्टेक्सवाल्याला पगार किती देता? सुरतपेक्षा कमीच ना?

गिरणीवाला

कमी. मात्र माझ्याकडे आठ तास आणि तो रात्री घरी जेवायला असतो.

रावेरचा_केळीवाला

परदेशी सल्ला वाईट म्हणणाऱ्यांनी आधी आमच्या रावेर, यावल, चोपड्याच्या मळ्यांत यावं. ठिबक आणि टिश्यूकल्चरची (प्रयोगशाळेत वाढवलेल्या रोपांची) ग्रँड नैन केळी, दोन्हींमागे इस्रायलचं तंत्र आहे. बसराई, श्रीमंती या जुन्या जातींच्या काळात अठरा महिने वाट बघायचो, आता अकरा-बारा महिन्यांत घड कापणीला येतो. जळगावच्या केळीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, ते या सगळ्या मेहनतीवर.

आता रोजगाराचं बघा. निर्यातीचा माल भरायचा म्हणजे घडाला आधीपासून पिशवी घालायची, कमळफूल वेळेवर मोडायचं, कापलेला घड खांद्यावर गादी ठेवून आणायचा, फण्या सुट्या करून पाण्यात धुवायच्या, चीक निघून जाऊ द्यायचा आणि तेरा किलोच्या खोक्यात एकही डाग न पडता बसवायच्या. माझ्या मळ्यात हे काम करणारी टोळी बंगालची असते. हात असा चालतो की बघत राहावं. खोक्यामागे पैसे घेतात आणि हंगामात आमच्या गावच्या पदवीधरापेक्षा जास्त कमावतात. आमची पोरं सुरतेला, आणि बंगालची पोरं आमच्या बांधावर!

फिलिपिन्समध्ये मळ्यातून तारेवरून घड सरकत पॅकहाऊसपर्यंत येतात. तिथला माणूस सहा महिने सावद्याला राहू द्या. आमच्या पोरांची एक टोळी उभी करून दाखवू द्या. कार्यशाळा नको, टोळी हवी.

अभ्यासू_जळगावकर

केळीवाले भाऊ, अगदी मुद्द्याचं लिहिलंत. फक्त एक सावधगिरी. इथिओपियात ब्लॅटमन आणि डर्कन या संशोधकांनी नव्या कारखान्यांत लागलेल्या तरुणांचा माग घेतला होता. बहुतेकांनी काही महिन्यांतच काम सोडलं. पगार किरकोळ कामांपेक्षा जास्त नव्हता आणि तब्येतीचे त्रास वाढले होते. टोळी उभी राहील, पण मजुरी आणि पाठीचं दुखणं यांचा विचार पहिल्या दिवसापासून व्हायला हवा.

सातपुड्यातली_शिक्षिका

तुम्ही सगळे पदवीधरांबद्दल लिहिताय. मी अक्राणी तालुक्यात शिकवते. माझे दहावीचे विद्यार्थी दोन वर्षांत लग्न होऊन कोयत्यावर, म्हणजे ऊसतोडीला, जातात. मुकादम पावसाळ्यातच उचल, म्हणजे मजुरीचे आगाऊ पैसे, देऊन जातो. घरात आजारपण नाहीतर लग्न असतं, ते पैसे तेव्हाच संपतात. दिवाळीनंतर जोडपं गुजरातेत बारडोलीकडे ऊस तोडायला जातं ते उचल फेडायला. अशा घरातल्या अठरा वर्षांच्या मुलाला उद्योजकता शिकवायला परदेशातून माणूस आला, तर त्याने आधी ही उचल कशी फिटेल ते सांगावं.

नंदुरबारला मोठी माणसं आली नाहीत असं नाही. देशातलं पहिलं आधार कार्ड २०१० साली आमच्याच जिल्ह्यातल्या टेंभलीत दिलं गेलं. २०१८ पासून केंद्र सरकारच्या आकांक्षित, म्हणजे विकासात मागे पडलेल्या, जिल्ह्यांच्या यादीत नाव आहे. अहवाल भरपूर लिहिले गेलेत.

आणि बाहेरून शिकायची एवढी काय गरज? १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्राने रोजगार हमी योजना चालवून दाखवली. वि. स. पागे यांची कल्पना, शहरातल्या नोकरदारांकडून व्यवसाय कर घेऊन गावातल्या मजुराला काम द्यायचं. १९७७ साली कायदा केला. पुढे २००५ साली सगळ्या देशाने तो मार्ग घेतला. ती योजना दिवाळीच्या आधी, उचल घ्यायच्या वेळी, वेळेवर मजुरी देईल एवढं करा. माझी निम्मी मुलं शाळेत राहतील.

अभ्यासू_जळगावकर

ताई, उचलीबद्दल तुम्ही लिहिलंत ते शब्दन् शब्द खरं. पण २००५ च्या कायद्यामागे ज्यांनी हाडाची काडं केली त्यांत अर्थतज्ज्ञ ज्याँ द्रेझ आहेत, मूळचे बेल्जियमचे. त्यांना कुठल्या खात्यात घालाल?

सातपुड्यातली_शिक्षिका

ते इथे राहिले, मजुरांमध्ये फिरले, २००२ साली इथले नागरिक झाले. चार दिवसांच्या दौऱ्याशी त्यांची तुलना करू नका, सर.

भुसावळची_सिस्टर

एवढी पोरं-पोरं चाललीत, मुलींबद्दल कुणी बोलेल का? मी नर्सिंग केलंय. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्राने जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी करार केला, सुरुवातीला दहा हजार कुशल माणसं पाठवायचं ठरलं, त्यात नर्सही होत्या. मला अशा सल्लागारांचा उपयोग झालाय. कुठली कागदपत्रं लागतात, तिथे नोंदणी होईपर्यंत काय काम देतात, पगारातून काय कापतात, हे नीट सांगणारी माणसं त्यांच्याकडेच भेटली. गावातल्या एजंटाने नुसते पैसे मागितले होते.

पण नर्स म्हणून नोंदणी व्हायची तर जर्मन भाषा 'बी २' पातळीपर्यंत यावी लागते. ते व्हायला वर्षाच्या वर लागतं, आणि मला क्लास पुण्यात करावा लागला. खोलीभाडं, खानावळ, क्लासची फी, आणि त्या वर्षात पगार नाही. माझ्या बॅचच्या दोघी याच कारणाने मागे राहिल्या, त्या माझ्यापेक्षा हुशार होत्या. सल्ला उत्तम होता, पण तो जळगावात भाषेचा वर्ग आणि मुलींचं वसतिगृह यांपर्यंत पोचला नाही.

लूमवाल्याचा_भाऊ

ताई, अभिनंदन. पण सगळी हुशार पोरंपोरी बाहेर पाठवणं याला खानदेशचा रोजगार वाढवणं म्हणायचं का?

भुसावळची_सिस्टर

दादा, तुमचा भाऊ सुरतेला गेला तेव्हा त्याला कुणी अडवलं नाही. मी गेले तर घरचं कर्ज फिटतं. कुठे जायचं ते आमचं आम्हाला ठरवू द्या.

तापीकाठ

सगळं वाचलं. गिरणीवाले दादांना तुकडी लावून देणारा हवाय, केळीवाल्यांना सहा महिने राहणारा, सिस्टरताईंना भाषेचा वर्ग, शिक्षिकाताईंना उचलीवर तोडगा. या चारांपैकी एकही गोष्ट त्या कार्यशाळेत नव्हती. म्हणून मी मागणीत भर घालतोय. सल्लागाराने पहिला महिना काहीही सांगू नये. गिरण्या, मळे, मुकादम आणि उधन्यातल्या खोल्या बघाव्यात, आणि इथली मजुरी व तिथली मजुरी शेजारी शेजारी मांडून दाखवावी. वर्षानंतरची यादी फलकावर लावायची अट आहेच. गिरणीवाले दादा, तुमचं पगाराचं रजिस्टर अशा माणसाला दाखवाल का?

गिरणीवाला

दाखवीन. पण सुरतच्या पगारातून खोलीभाडं, मेस आणि गाडीभाडं वजा करूनच तुलना करायची. आणि शेजारच्या चार गिरण्यांनीही रजिस्टर काढलं पाहिजे, मी एकटा नाही.