मदत हवी आहे: निम्म्या कांद्याच्या माना पडल्या, निम्म्या उभ्याच, काढणी कशी धरावी?

नमस्कार मंडळी. उन्हाळ कांदा, एन-2-4-1 वाण, 30 गुंठे, ठिबकवर. लागवडीला 115 दिवस झालेत. वरच्या मुरमाड पट्ट्यात 70 टक्के माना पडल्यात (कांद्यावरचा पातीचा बुडखा आडवा झाला, म्हणजे कांदा पिकला), पात पिवळी. तो पट्टा उद्यापासून उपटायला घेतोय, त्याची चिंता नाही.

अडचण खालच्या काळ्या रानाची. तिथे जेमतेम 20 टक्के माना पडल्या, पात हिरवीगार, मान अंगठ्याएवढी जाड. चिमटीत दाबली तर पोकळ लागत नाही, भरीव लागते. पाणी 12 दिवसांपूर्वीच तोडलंय, पण काळी जमीन ओल सोडत नाही. शिवाय युरियाचा शेवटचा हप्ता 70व्या दिवशी पडला. उशीर झाला, मान्य.

आणखी आठ दिवस थांबावं, तर आभाळ भरून येतंय. पाऊस झाला की पिकलेल्या कांद्याला पुन्हा मुळ्या फुटतात, पत्ती (वरचं साल) सुटते. रिकामा ड्रम फिरवून माना पाडा असंही सांगतात. पण नुसती आडवी केलेली मान आतून वाळते का? ओली मान म्हणजे सडीला उघडं दारच.

नेहमीची पद्धत: चार दिवस रानात, एका ओळीची पात दुसरीच्या कांद्यावर, मग अडीच सेंमी मान ठेवून कापणी, 12 दिवस सावलीत. साठवणीची चाळ 4 फूट रुंद, ढीगही तेवढाच उंच, तळ जमिनीपासून दीड फूट वर.

जाड मानेचा माल सावलीत किती दिवस वाढवावा? की चाळीत न भरता थेट बाजार दाखवावा? ज्यांनी असा माल पावसाळ्यापर्यंत टिकवलाय, त्यांनी कृपया सांगावं.