स्ट्यूकलीसाठी एक शनिवार, कुठे जाऊ? (लंडन, बजेट ४० पौंड)

दुपारचा_चहा: मंडळी, विल्यम स्ट्यूकली नावाच्या पाद्र्याने सध्या झपाटलंय. १६८७ चा जन्म, लिंकनशरमधलं होल्बीच गाव, आधी डॉक्टर, १७२९ ला पाद्री, आणि सगळा नाद जुन्या दगडांचा. त्याची एखादी जागा बघायचीय. राहते लंडनात, गाडी नाही, बजेट सगळं धरून ४०.

रानवाटा: विचारायचं काय त्यात, स्टोनहेंज! आम्ही गाडी भाड्याने घेऊन सॉल्सबरीला दोन रात्री राहिलो, हॉटेल तर काय सुंदर, फोटो टाकते नंतर.

दुपारचा_चहा: ताई, ४० पौंड हो.

खडूस_काका: स्टोनहेंज अजिबात नको. लांबून गोल फिरवतात, आम्ही गेलो तेव्हा आडवा पाऊस, हिची छत्री उलटी झाली ती झालीच. एव्हबरीला जा, तेही तसंच जुन्या उभ्या दगडांचं वर्तुळ, गावाभोवती, दगडांना हात लावता येतो आणि त्याचे पैसे पडत नाहीत. स्ट्यूकली १७१९ ते १७२४ दरवर्षी तिथे जायचा. गावकरी दगड खड्ड्यात आडवा पाडायचे, खाली गवत पेटवायचे, चांगला तापला की वर गार पाणी ओतून घणाने फोडायचे आणि त्याचीच घरं बांधायचे, हा बाबा शेजारी उभा राहून वहीत काढत बसायचा. कित्येक दगड कुठे होते ते आज त्याच्या नकाशांवरूनच कळतं. ट्रेनने स्विंडन, पुढे ४९ नंबरची बस.

मिसळपाव्ह: एव्हबरी +१. स्विंडनहून ४९ नंबरची बस आहे.

खडूस_काका: वर तेच लिहिलंय.

पिवळी_पानं: जाताय कशाला, वाचा की घरी बसून. पण विकत घेऊ नका. मी त्याच्या स्टोनहेंजवरच्या १७४० च्या पुस्तकाची रीप्रिंट मागवली तर स्कॅन करणाऱ्याने घडीची चित्रं उलगडलीच नव्हती, अर्धा दगड आणि पुढे कोरा कागद. विकणारा म्हणे मूळ प्रतच तशी आहे. न्यूटनच्या आठवणींचं त्याचं हस्तलिखित मात्र रॉयल सोसायटीने फुकट ऑनलाइन ठेवलंय, अक्षर लागतं.

मिसळपाव्ह: डोक्यावर सफरचंद पडलं ते ह्यानेच लिहिलंय ना?

पिवळी_पानं: डोक्यावर नाही हो!! १५ एप्रिल १७२६, जेवणं झाल्यावर दोघं बागेत सफरचंदाच्या झाडांखाली चहा पीत बसलेले, तेव्हा ८३ वर्षांच्या न्यूटनने सांगितलं की असंच एकदा फळ पडताना पाहून विचार सुरू झाला. डोकं कुठून आलं देव जाणे.

शंकासुर: स्टोनहेंज ड्रुइडांनी, म्हणजे प्राचीन केल्ट लोकांच्या पुरोहितांनी, बांधलं हे खूळ ह्याच्याचमुळे पसरलं हे कोणी सांगत नाही. होकायंत्राच्या हिशेबाने स्टोनहेंज इ.स.पू. ४६० चं ठरवलंन, ते त्याहून दोन हजार वर्षं जुनं. ग्रँथमच्या घरी बागेत स्वतःचं ड्रुइड मंदिरसुद्धा केलं होतं, मधोमध सफरचंदाचं झाड. वर कोपनहेगनच्या एका पोराने जुना ग्रंथ सापडला म्हणून थाप मारली ती म्हातारपणी गिळली. अशा माणसासाठी शनिवार घालवायचा?

खडूस_काका: अहो, स्टोनहेंजची ॲव्हेन्यू (दगडांकडे येणारी जुनी वाट) आणि कर्सस (जवळचं लांबलचक मातीच्या बांधांचं आवार) कोणी शोधली मग? तुम्ही?

शंकासुर: मी छत्री तरी नीट धरतो.

दुपारचा_चहा: भांडू नका 🙏 ट्रेनचं भाडं बघितलं, सगळं बजेट त्यातच उडतंय. म्हणून ठरवलं, इथलंच लंडनातलं क्वीन स्क्वेअरचं सेंट जॉर्ज चर्च, १७४७ मध्ये त्याला तिथली नेमणूक मिळाली. १७६४ च्या एप्रिलमध्ये लोकांना सूर्यग्रहण बघता यावं म्हणून ह्याने प्रार्थना तासभर पुढे ढकलली होती, मला तो तिथेच आवडला. मग ट्यूबने ईस्ट हॅम. १७६५ मध्ये गेला तेव्हा तिथल्या सेंट मेरी मॅग्डलेनच्या आवारात पुरला, त्याच्याच इच्छेने, वर काही न उभारता.

रानवाटा: म्हणजे बघायला एक दगडपण नाही??

दुपारचा_चहा: नाही. येताना ईस्ट हॅमहून कढीपत्ता आणि ज्वारीचं पीठ घेऊन येईन.