जेन ऑस्टिनचं बहिणीला पत्र, २९ जानेवारी १८१३

पानगळ
'प्राइड अँड प्रेज्युडिस' ही आपली कादंबरी छापून हातात आल्यावर जेनने थोरल्या बहिणीला, कॅसँड्राला लिहिलेलं पत्र सध्या पुन्हा पुन्हा वाचतेय. जेन चॉटनला, कॅसँड्रा स्टीव्हन्टनला. पुस्तकाला ती आपलं लाडकं बाळ म्हणते. प्रत आली त्याच दिवशी शेजारच्या मिस बेन जेवायला होत्या. रात्री मायलेकींनी त्यांना पहिला खंड अर्धा वाचून दाखवला, पण लेखिका समोरच बसलीय याचा पत्ता लागू दिला नाही. मिस बेनना कादंबरीची नायिका एलिझाबेथ आवडली तेव्हा जेनचा जीव किती सुखावला असेल!

आणि त्याच पत्रात कुरकुर. छपाईच्या चुका राहिल्यात, 'तो म्हणाला, ती म्हणाली' अजून काही ठिकाणी हवं होतं, दुसरा खंड लहान झालाय. वर म्हणते, एवढंही ज्यांना उमगत नाही त्यांच्यासाठी मी लिहीतच नाही. तिला हे खरंच चालत होतं, की मनाची समजूत काढत होती?

शाईपेन
समजूतच. हक्क आधीच एजर्टन या प्रकाशकाला ११० पौंडांना विकून झाले होते, तिला १५० हवे होते. मग पुढच्या आवृत्तीत काय बदलायचं यावर तिचा कितीसा जोर चालणार?

मोरपीस
४ फेब्रुवारीचं पत्र वाचा. तिसऱ्या खंडात पान २२० वर दोघांची वाक्यं एकाच्याच तोंडी छापली गेलीत, हे तिने पान क्रमांकासकट कळवलंय. चालत असतं तर पान कोण टिपून ठेवतं? दुसऱ्या रात्रीचं वाचनही तिला तितकं रुचलं नाही. आई फार भरभर वाचायची. पात्रं आईला नीट कळली होती, पण त्यांच्यासारखं बोलणं काही जमेना.

पानगळ
मोरपीस, आईचं वाचन माझ्या ध्यानातच आलं नव्हतं! मोठ्याने वाचताना कोण बोलतंय हे लगेच कळावं लागतं, तिथेच 'ती म्हणाली' नसलेलं खटकलं असणार. आणि मिस बेनसमोर हूं की चूं करायची सोय नाही, कारण पुस्तकावर तिचं नावच नव्हतं. हे सगळं सांगायला हक्काची एक कॅसँड्रा, तीही नेमकी परगावी. ४ तारखेच्या पत्रातला तो भाग इथे टाकाल का?