अनुभव धागा : गाणं वाजतं एक, सांगतं भलतंच

ज्या मराठी गाण्यांचा अर्थ किंवा उगम सर्रास चुकीचा सांगितला जातो, त्यांच्यासाठी हा धागा. उघडताना एवढंच सांगतो. "गायक तापाने फणफणला होता, तरी एका टेकमध्ये गायला" छापाचे ढकलसंदेश (फॉरवर्ड) इथे नकोत. मूळ कवितेत, चित्रपटातल्या प्रसंगात किंवा तारखांमध्ये दाखवता येईल असंच लिहा. कार्यक्रम बसवणारे, निवेदन लिहिणारे, तबकड्या जमवणारे, भजनी मंडळवाले, सगळ्यांना आवतण. आपापल्या आठवणी बाजूला ठेवून गाण्याबद्दल बोलू.

मंद्रसप्तक :

सगळ्यात जास्त घोळ 'तोच चंद्रमा नभात'चा होतो, म्हणून तिथूनच सुरू करतो. लग्नाच्या वाढदिवसाला या गाण्याची फर्माईश हमखास येते. मुखड्यात चंद्र, चैत्रातली रात्र, एकांत आणि शेजारी प्रिया असल्यावर लोकांनी ते प्रेमगीत समजावं यात नवल नाही. पण दुसरा अंतरा सुरू झाला की गाणं उलटं फिरतं. सारं तसंच आहे, मीही तोच, तूही तीच, मग ती धुंदी कुठे गेली? शेवटच्या कडव्यात तर वाळल्या फुलांत गंध शोधणं आलंय. आटून गेलेल्या प्रेमाचं गाणं आहे हे.

शांता शेळके यांच्या या गीतामागे एक संस्कृत श्लोक आहे. शीला भट्टारिका या जुन्या संस्कृत कवयित्रीचा 'यः कौमारहरः', जो मम्मटाने 'काव्यप्रकाश' या काव्यशास्त्राच्या ग्रंथात उद्धृत केला आहे. तिथे बोलणारी स्त्री आहे. प्रियकर तोच, चैत्रातल्या रात्री त्याच, मालतीचा सुगंध आणि कदंबावरून येणारा वाराही तोच, तरी मन रेवेच्या (नर्मदेच्या) काठच्या त्या कुंजाकडे धाव घेतं. शांताबाईंनी बोलणारा पुरुष केला, हा बदल सगळ्यांच्या लक्षात येतो. खरा बदल पुढे आहे. श्लोकातल्या बाईची ओढ अजून जिवंत आहे, गाण्यातल्या पुरुषाची तीही सरली आहे.

निवेदन करणाऱ्यांनी "प्रीतीची हळुवार कबुली" वगैरे म्हणू नये. वेळ कमी असेल आणि एकच अंतरा घ्यायचा असेल तर शेवटचा घ्या. दुसऱ्या अंतऱ्यावर थांबलात तर प्रश्न विचारला जातो, पण उत्तर श्रोत्यांपर्यंत पोचत नाही.

जुनी तबकडी :

कडवी का गळतात यामागे लोक फार गूढ कारणं शोधतात. बहुतेकदा कारण मिनिटांचं असतं. मिनिटाला ७८ फेऱ्या घेणाऱ्या दहा इंची तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन-सव्वातीन मिनिटं मावत. त्यातून सुरुवातीचं आणि मधलं वाद्यसंगीत वजा करा, वर ध्रुवपद पुन्हा पुन्हा यायला हवं. उरलेल्या वेळात किती कडवी बसणार? लांब कवितेला कात्री लागायचीच.

त्यामुळे अर्थ शोधायचा तर एकच रीत आहे. कवीच्या संग्रहातली पूर्ण कविता समोर घ्या, गाणं लावा आणि न गायलेल्या ओळींवर पेन्सिलीने खूण करत जा. नेटवरचे 'बोल' वापरू नका. ते ऐकून उतरवलेले असतात, त्यामुळे गळलेलं कडवं तिथेही गळलेलंच असतं.

दुसरी सवय म्हणजे कवीचं मृत्युवर्ष बघणं. 'मधु मागसि माझ्या सख्या, परी' हे भा. रा. तांब्यांचं. तांबे १९४१ मध्ये गेले. वसंत प्रभूंची चाल आणि लताबाईंचा आवाज या कवितेला नंतर मिळाला. तेव्हा "खास लताबाईंसाठी लिहिलं" असा संदेश आला की बिनधास्त पुसून टाका. आवाज स्त्रीचा असल्यामुळे ते प्रेयसीचं आर्जव वाटतं, पण बोलतोय म्हातारा झालेला कवी. आजवर कमळाच्या द्रोणांतून मध पाजला, आता मधुघट रिकामे आहेत, गाठीशी नैवेद्यापुरतं वाटीभर दूध उरलंय आणि अंगणात देवपूजेसाठी कशीबशी जपलेली कोरांटी. मध म्हणजे त्याची जुनी कविता. "तसलंच आणखी लिहा" म्हणणाऱ्या रसिकाला दिलेला हा नकार आहे, आणि तोही किती अदबीने! 'परी'नंतर लगेच तान घेऊन पुढे धावणारे गायक त्या नकाराचा जीवच काढून घेतात.

टाळकरी :

भजनी मंडळांत 'इंद्रायणी काठी' पारंपरिक अभंग म्हणून सांगितला जातो. तो ग. दि. माडगूळकरांनी लिहिलाय, १९५३ च्या 'गुळाचा गणपती'साठी. संगीत पु. ल. देशपांड्यांचं, आवाज भीमसेन जोशींचा, आणि चित्रपट चक्क विनोदी! 'कानडा राजा पंढरीचा' हेही गदिमांचंच, चित्रपट 'झाला महार पंढरीनाथ', साल १९७०.

ओळखायचं कसं? शेवटच्या चरणात नाममुद्रा, म्हणजे रचणाऱ्याची सही, बघा. 'तुका म्हणे', 'नामा म्हणे' सगळ्यांना कळतं. फसगत होते ती ज्ञानेश्वरांच्या रचनांत, कारण तिथे बऱ्याचदा नाव नसतं, 'बापरखुमादेविवरु' असतं. 'मोगरा फुलला'च्या शेवटी तीच मुद्रा आहे. ती विठ्ठलाची आणखी एक उपाधी समजून लोक पुढे जातात. उलट बाजूनेही जपा. गाताना मुद्रेचं कडवंच वगळलं असेल तर खरा अभंगही चित्रपटगीत वाटू शकतो, म्हणून गाथा उघडल्याशिवाय निकाल देऊ नये.

आणि सकाळी रेडिओवर लागणारी 'घनश्याम सुंदरा' ही भूपाळी कोणा संताची नाही. ती होनाजी बाळाची, म्हणजे लावण्या रचणाऱ्या शाहिराची. १९५१ चा 'अमर भूपाळी' त्याच्यावरच आहे.

रीळवाला :

चित्रपटगीताचा अर्थ लावताना गाण्याआधीची पाच मिनिटं बघायची. पडद्यावर कोण आहे आणि आत्ताच काय घडलंय, एवढं कळलं तरी अर्धं काम झालं.

'देहाची तिजोरी' प्रार्थना म्हणून शाळाशाळांत म्हटली जाते. चित्रपट 'आम्ही जातो अमुच्या गावा', १९७२, गीत जगदीश खेबुडकरांचं. कथा चोरांची आहे. आता शब्द परत वाचा. तिजोरी, बंद दार, अंधारातलं पाप, चोरट्याच्या मनातली चांदण्याची भीती, डोळे मिटून दूध पिणारं मांजर, आणि सराईत हातांना सुटलेला कंप. एकूण एक प्रतिमा घरफोडीची. खेबुडकरांनी भक्तिगीत लिहिलं आणि त्यात चोराच्या अनुभवाबाहेरचा शब्द जवळजवळ येऊच दिला नाही. माझ्या मते मराठी चित्रपटगीतात प्रसंगाशी इतकं इमान राखल्याची उदाहरणं मोजकीच.

'विठ्ठला, तू वेडा कुंभार'चंही तेच. 'प्रपंच' (१९६१) मधला नायकच कुंभार आहे, पोरवडा मोठा आणि मिळकत तुटपुंजी. म्हणून देव त्याला चाकावर बसलेला दिसतो. शेवटच्या कडव्यात डोळे देऊन पुढे अंधार करणाऱ्याला तो जाब विचारतो. म्हणजे गाणं स्तुतीने सुरू होतं आणि तक्रारीवर संपतं. भजनात शेवटचं कडवं हमखास गाळलं जातं, मग उरते नुसती स्तुती.

पोथीपान :

गीतरामायणात ५६ गाणी का? पुणे आकाशवाणीवर पहिलं गाणं १ एप्रिल १९५५ च्या रामनवमीला लागलं आणि शेवटचं १९ एप्रिल १९५६ च्या रामनवमीला. आठवड्याला एक या हिशोबाने वर्षाची ५२ झाली असती. पण त्या वर्षी अधिक भाद्रपद आला, रामनवमी पुढे सरकली आणि ३८४ दिवस भरायची वेळ आली. पंचांगामुळे गदिमा आणि संगीतकार बाबूजी (सुधीर फडके) यांना जादा गाणी करावी लागली!

रचनाही बघण्यासारखी आहे. पहिल्या गाण्यात कुश-लव रामासमोर गाताहेत. शेवटच्या 'गा बाळांनो, श्रीरामायण'मध्ये वाल्मीकी त्यांना गायला धाडतात. म्हणजे कथेच्या क्रमाने शेवटचं गाणं पहिल्याच्या आधीचं. निवडक दहा-बारा गाणी घेऊन कार्यक्रम करता तेव्हा ही दोन टोकं सोडू नका, नाहीतर मधली गाणी कोण कोणाला सांगतंय तेच कळत नाही.

निषाद :

'ती गेली तेव्हा रिमझिम' विरहगीत म्हणून ऐकणाऱ्यांनी फक्त दुसरं कडवं ऐकावं. ग्रेस यांनी तिथे 'आई' हा शब्द सरळ लिहिलाय. लपवलेलं काहीच नाही, आपण मुखड्यातच पावसात अडकतो.

मंद्रसप्तक :

जुनी तबकडी, तुमच्या रीतीने 'चाफा बोलेना' वाचलं. कवी बी यांच्या शेवटच्या कडव्यात चाफा फुलतो, तेजात दिशा विरतात आणि 'कोण मी, चाफा? कोठे दोघे जण?' असा प्रश्न येतो. रुसलेल्या सख्याचं गाणं अद्वैतावर येऊन थांबतं.

टाळकरी :

मान्य, पण सगळं गाणं अद्वैताच्या खुंटीला टांगू नका. मध्ये फुगड्या आहेत, झिम्मा आहे. तेही तितकंच खरं. पहिल्या ओळीपासून डोळे मिटून गंभीर गायलं की शेवटच्या कडव्याला चढायला पायरीच उरत नाही.

खाडीकाठ :

कोळीगीतांचं राहिलं. 'मी डोलकर' हे लोकगीत नव्हे, शांता शेळक्यांनी लिहिलंय. नाचात पोरं डोलत डोलत येतात आणि हाताने जाळं फेकल्याचा आविर्भाव करतात. दोन्ही चूक. डोल हे जाळ्याचं नाव आहे. मोठ्या तोंडाचं, मागे निमुळतं होत जाणारं पिशवीसारखं जाळं, समुद्रात खुंटांना बांधून ठेवायचं. भरती-ओहोटीच्या ओढीने मासळी आपोआप आत शिरते. हाताने फेकतात तो पाग, आणि तो किनाऱ्यालगत. तेव्हा नाच बसवताना फेकणं काढा आणि दोघातिघांनी मिळून दोर ओढत जड जाळं होडीत घेणं दाखवा. ठेक्यातही तेच जास्त चपखल बसतं.