परदेशी शहरात गटातून कुणी चुकलं तर? आधी काय ठरवून ठेवावं?

पाऊलखूण
आम्ही 14 जण टूर कंपनीशिवाय जातोय. चौघं साठीच्या पुढचे, दोन मुलं (8 आणि 11 वर्षांची). तिथली भाषा कुणालाच येत नाही आणि डेटा फक्त पाच फोनांवर असेल. गर्दीत कुणी मागे राहिलं तर काय करायचं? ‘फोन करू की’ याच्या पलीकडचं सांगा.

कासवचाल
आधी मोजदाद. एकट्याने 14 डोकी मोजू नका. मोजणारा स्वतःलाच विसरतो, मग ‘13 भरले, म्हणजे मीच राहिलो’ अशी समजूत घालून सगळे निघतात आणि खरंच एक जण मागे असतो. सात जोड्या लावा, प्रत्येकाने फक्त आपला जोडीदार बघायचा. नवरा-बायकोची जोडी नको. दोघं एकत्रच दुकानात शिरतात आणि एकत्रच गायब होतात.

रस्ता माहीत असलेला पुढे, एक धडधाकट माणूस अगदी शेवटी. चुकामूक बहुतेक वेळा सिग्नलला होते: अर्धे पलीकडे, अर्धे लाल दिव्यात अडकलेले, आणि पुढचे आपले चालतच राहतात. पुढच्याने रस्ता ओलांडला की मागे वळून शेवटचा माणूस दिसेपर्यंत थांबायचं. हा एक नियम पाळलात तरी बरंचसं काम झालं.

नकाशाखोर
मेट्रोचा नियम वेगळा ठरवा, तिथे दार लागलं की विचार करायला वेळ नसतो.

फलाटावर जो राहिला त्याने हलायचं नाही. गाडीतल्यांनी पुढच्या स्टेशनला उतरायचं, सगळ्यांनी तिथेच थांबायचं आणि एकानेच परत यायचं. ‘मागच्याने पुढची गाडी पकडावी’ हा सल्ला सर्रास दिला जातो, पण त्यात फसगत आहे. एकाच फलाटावर वेगवेगळ्या फाट्यांच्या गाड्या येतात. लंडनच्या नॉर्दर्न लाइनला उत्तरेकडे जाताना कॅम्डन टाउनला दोन फाटे फुटतात. पाटी न वाचता चढलेला भलतीकडे पोचतो. काही शहरांत जलद गाडी मधली स्टेशनं घेतच नाही. आणि दोन्ही बाजू एकदम हलल्या तर गाड्या एकमेकींना ओलांडून जातात, शोधाशोध दुप्पट.

उलटं झालं, म्हणजे एकटाच गाडीत चढला, तर त्याने पुढच्या स्टेशनला उतरून त्याच फलाटावर थांबायचं. वर जायचं नाही, बाहेर तर अजिबात नाही. टोकियोच्या शिंजुकू स्टेशनला दोनशेहून अधिक दारं आहेत; तिथे ‘स्टेशनबाहेर भेटू’ याला काही अर्थ उरत नाही. बाहेर भेटायचंच तर दाराचा क्रमांक किंवा अक्षर सांगा.

20 मिनिटांत कुणी आलं नाही तर गणवेशातल्या कर्मचाऱ्याला चिठ्ठी दाखवायची.

पाऊलखूण
कसली चिठ्ठी? हॉटेलचं कार्ड चालेल?

घोंगडी
चालेल, पण त्यावर पत्ता तिथल्या लिपीत आहे ना ते बघून घ्या. हॉटेलच्या साखळीचं नुसतं नाव टॅक्सीवाल्याला सांगू नका, एकाच शहरात त्यांच्या चार-पाच शाखा असू शकतात. रिसेप्शनवर पत्ता लिहून घ्या, शेजारी जवळचं मेट्रो स्टेशन, खाली दोघांचे नंबर, + आणि देशाच्या कोडसकट. कोड नसलेला नंबर परदेशी फोनवरून लागत नाही. 14 कागद, प्रत्येकाच्या खिशात. पर्समध्ये नको, पर्स जोडीदाराकडे दिलेली असते.

फोनचं म्हणाल तर जीपीएसला डेटा लागत नाही, फक्त नकाशा आधी उतरवून ठेवावा लागतो. गूगल मॅप्स मात्र ऑफलाइन असताना चालण्याचा रस्ता दाखवत नाही, गाडीचाच दाखवतो. पायी फिरायला ऑर्गॅनिक मॅप्स किंवा ओस्मअँड घ्या. उंच इमारतींमध्ये निळा ठिपका शेजारच्या गल्लीत उडी मारतो; दहा-वीस पावलं चालून तो कुठल्या दिशेला सरकतोय ते बघायचं.

व्हॉट्सअ‍ॅपचं लाइव्ह लोकेशन (15 मिनिटं, 1 तास किंवा 8 तास) पाठवणाऱ्याकडे इंटरनेट असेल तरच चालतं. म्हणजे तुमच्या नऊ जणांना ते निरुपयोगी. डेटावाले पाच जण पाच वेगळ्या जोड्यांत वाटा.

कासवचाल
मुलांचं राहिलं. त्यांना ‘पोलिसाकडे जा’ सांगण्यापेक्षा ‘दुकानाच्या गल्ल्यावरच्या माणसाकडे जा’ सांगा, तो हमखास सापडतो आणि जागा सोडून जात नाही. नंबर हातावर बॉलपेनने, बाहीच्या आत. युरोपीय संघात कुठेही असाल तर मदतीचा नंबर 112.

आणि रोज सकाळी निघताना सगळ्यांचा एक उभा फोटो काढा, चपला-बुटांसकट. पोलीस ‘कपडे कुठले होते?’ विचारतात तेव्हा घाबरलेल्या आईबापांना हमखास कालचा शर्ट आठवतो.